बारा खाटा आणि चढती रेघ

ताईचं पत्र माझ्या टेबलावर शब्दकोशाखाली बरेच दिवस पडून होतं. शब्दकोशाखाली मी जे ठेवतो ते नजरेआड व्हावं म्हणून ठेवतो, आणि मग दिवसभर शब्दकोश उचलून बघत बसतो. आजवर आलेल्या प्रत्येक पत्राला मी उत्तर दिलं आहे. उशिरा, खाडाखोड करून, पण दिलं आहे. याच पत्राला तेवढं देता येत नव्हतं, आणि खरं तर त्याला एकच शब्द पुरला असता.

पत्र असं होतं:

‘किड्या, डॉक्टर म्हणाले, आता औषध पुरे, आराम करा. याचा अर्थ मला कळतो. मी जन्मभर भूगोल शिकवलाय, नकाशा कुठे संपतो ते मला सांगायला नको. मुलाकडे जागा भरपूर आहे. पण घरातले सगळे माझ्यासमोर कुजबुजतात, आणि मला ऐकू येत नसल्यामुळे ते बिचाऱ्यांचं कुजबुजणंही फुकट जातं. तुमच्या गावात टेकडीवर एक घर आहे म्हणे, तिथे दुखणं कमी करतात आणि उपदेश करत नाहीत. तिथे मला जागा मिळेल का? तू रोज येऊन काहीतरी वाच. ऐकू आलं नाही तरी तुझं तोंड हलताना बघेन. तुझं नेहमीचं ‘बघतो’ नको. हो की नाही ते कळव. – ताई.’

किडा म्हणजे मी. लहानपणी ती मला पुस्तकी किडा म्हणायची. पुढे ‘पुस्तकी’ गळून पडलं. ऐकू येत नसल्यामुळे तिला फोनचा उपयोग नाही. जे काही सांगायचं ते कागदावरच सांगावं लागतं, आणि कागदावर लिहिलेलं मला मागे घेता येत नाही, ही माझी जुनी अडचण.

नवी अडचण अशी की नेमक्या त्याच दिवसांत आमच्या गावानं मृत्यू कमी करायला घेतले होते, आणि त्यासाठी नेमलेल्या समितीत मी होतो.

हे सगळं एका कोऱ्या पानापासून सुरू झालं. नगरपालिकेनं ‘वाटचाल’ नावाचा अहवाल काढायचं ठरवलं. चाळीस वर्षांत दिवे किती लागले, गटारं किती झाली, वाचनालयात पुस्तकं किती आली (आणि किती परत आली नाहीत), असा सगळा हिशेब त्यात होता. मी निवृत्त मुद्रितशोधक. नगरपालिकेची छपाई अजूनही माझ्या नजरेखालून जाते. शेवटचं प्रूफ आलं तेव्हा मागचं एक पान कोरं राहत होतं. नगरपालिकेला कोरं पान सहन होत नाही. आरोग्य खात्यातल्या कारकुनाकडे जे हाताशी होतं ते त्यानं आणून दिलं: गेल्या चाळीस वर्षांत गावात कर्करोगानं झालेले मृत्यू, दर हजारी किती, आणि सोबत एक आलेख.

पहिली तीस वर्षं आलेखातली रेघ जमिनीला चिकटून सरपटत होती. मग ती एकदम उठली आणि शिडी लावल्यासारखी वर चढली. मी आकडे दोनदा तपासले, रेघ जाड छापा असं सुचवलं आणि प्रूफ परत पाठवलं. रेघ का चढली हा प्रश्न मला पडला नाही. मुद्रितशोधकाला असले प्रश्न पडायला लागले तर एकही पुस्तक बाहेर येणार नाही.

प्रश्न पडला तो स्थानिक वर्तमानपत्राला. त्यांनी तो आलेख पहिल्या पानावर छापला, आणि आठवडाभरात गावातला प्रत्येक माणूस तज्ज्ञ झाला. दूधवाला म्हणाला, मोबाइलच्या टॉवरमुळे होतंय. टॉवरवाला म्हणाला, दुधामुळे. केस कापणाऱ्यानं केसांच्या रंगाला दोष दिला आणि रंग विकणाऱ्यानं उन्हाला. आमच्या समोरच्या निवृत्त फौजदारांनी घरातली सगळी नॉनस्टिक भांडी गच्चीवरून खाली फेकली. ती शेजारच्यांनी उचलून नेली.

मग समिती झाली. तिचं नाव आधी ‘कर्करोग मृत्यू समिती’ असं होतं, पण त्यात कर्करोगही येतो आणि मृत्यूही, म्हणून ‘आरोग्यवृद्धी समिती’ केलं. समितीत चौघं होतो. नगराध्यक्ष, ज्यांचं फर्निचरचं दुकान आहे. डॉक्टर, ज्यांनी त्याच वर्षी कर्जावर नवीन तपासणी यंत्र आणलं होतं. पुलाजवळची जमीन तुकडे करून विकणारे गृहस्थ, ज्यांना सगळे प्लॉटवाले म्हणतात. आणि भाषा नीट असावी म्हणून मी.

समितीनं पाणी तपासलं. पाणी चांगलं निघालं. याचं सगळ्यांना थोडं वाईट वाटलं.

ताईचं पत्र आलं ते याच सुमाराला. मी ते बायकोला दाखवलं. तिनं चष्मा काढून, कागद डोळ्यांजवळ धरून वाचलं, म्हणजे नीट वाचलं.

“वन्सं इथे येणार?” ती म्हणाली. “बरं होईल. मीही रोज जाईन टेकडीवर.”

“आधी जागा आहे का ते विचारायला हवं.”

“मग विचारा.”

“बघतो.”

“काय बघता? पाकिटावरच्या तिकिटातलं चित्र?”

दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर गेलो. तिथलं घर म्हणजे पूर्वीचा गुरांचा दवाखाना. नऊ-दहा वर्षांपूर्वी शहरातल्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या एका परिचारिकेनं तो भाड्यानं घेतला, चुना मारला आणि बारा खाटा टाकल्या. दारं गाईम्हशींच्या मापाची असल्यामुळे खाट माणसासकट ओढून व्हरांड्यात नेता येते. या बाईंना सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. त्या उंचीनं माझ्या खांद्याला लागतात.

“खाट मिळेल,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे खाट नेहमीच मिळते. थोडं थांबावं लागतं, एवढंच.”

मी धन्यवाद म्हणालो.

“पण तुमची समिती बाहेरच्यांना प्रवेश बंद करणार, असं कानावर आलंय. तुमच्या ताईंना एवढ्या लांबून बोलवायचं आणि दारातून परत पाठवायचं, हे मला जमणार नाही. तुम्ही समितीत आहात. तुम्हीच सांगा, बोलवू की नको?”

“बघतो,” मी म्हणालो.

घरी येताना वाटेत या शब्दाची मला पहिल्यांदाच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून दुसरा शब्द सुचतोच असं नाही.

पुढच्या आठवड्यात समिती त्या घराची पाहणी करायला गेली. पाण्यात काही सापडलं नाही, दुधात सापडलं नाही, टॉवर तर बंदच असल्याचं निघालं. तेव्हा कारकुनानं मृत्यूंच्या नोंदी काढल्या, आणि जवळजवळ सगळ्या नोंदींवर एकच पत्ता दिसला, टेकडीचा. नगराध्यक्षांनी कपाळाला हात लावला. “म्हणजे मूळ तिथे आहे तर!”

पाहणीला जाताना त्यांनी नाकावर रुमाल धरला होता. आत चार जण पत्ते खेळत होते. खिडकीशी एक म्हातारी बाई खाटेवर मांडी घालून लोकर विणत होती. रंगावरून आणि आकारावरून ते नक्की काय होणार होतं ते सांगता येत नव्हतं. तिनं नगराध्यक्षांकडे बघितलं आणि सरकून जागा केली.

“बसा ना. तुम्ही कुठल्या खाटेवर?”

“मी... नाही, मी नगराध्यक्ष.”

“असू दे हो,” ती मायेनं म्हणाली. “इथे सगळेच कोणी ना कोणी होते. ते पत्ते पिसतायत ना, ते न्यायाधीश होते. आता रोज हरतात.”

“ऐकू येतंय मला,” न्यायाधीश म्हणाले.

नगराध्यक्ष रुमालातल्या रुमालात काहीतरी पुटपुटले. प्लॉटवाल्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते सिस्टरना विचारत होते, “या बारांमध्ये आपल्या गावचे किती?”

“तिघं.”

“आणि नऊ बाहेरचे?”

“हो. शहरातले, पलीकडच्या गावातले. जिथे असं घर नाही तिथले.”

प्लॉटवाल्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे आपल्या आकड्यात बाहेरचे घुसलेत! मरायचं तुम्ही आणि नाव आमचं खराब!”

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

त्याच दुपारी बैठक झाली. नगरपालिकेच्या सभागृहातल्या खुर्च्या नगराध्यक्षांच्या दुकानातल्या आहेत. बसायला मऊ असतात, पण उठताना आवाज करतात. मी उठलो तेव्हा त्या आवाजानं सगळे वळले. त्यामुळे मला बोलावंच लागलं.

“एक शंका आहे,” मी म्हणालो. “म्हणजे चुकत असेन... पण माणूस मेला कुठे यापेक्षा तो राहत कुठे होता, त्यावरून मोजलं तर? मग ते नऊ जण आपापल्या गावी मोजले जातील.”

“वा!” नगराध्यक्षांनी टेबलावर हात मारला. “बघा, इतकं सोपं होतं! आपली रेघ खाली.”

डॉक्टर इतका वेळ बिस्किटं खात होते. त्यांनी हात झटकले. “आणि आपले जे शहरातल्या मोठ्या इस्पितळात जाऊन मरतात ते?”

“त्यांचं काय?”

“ते आपल्याकडे मोजावे लागतील. सगळे. टेकडीवरचं घर नव्हतं तेव्हा आपली माणसं कुठे मरत होती असं वाटतं तुम्हाला? शहरात. नोंद शहरात. म्हणून तर तीस वर्षं आपली रेघ जमिनीवर लोळत होती.”

नगराध्यक्षांनी टेबलावरचा हात उचलून घेतला.

“म्हणजे,” नगराध्यक्ष सावकाश म्हणाले, “आपलं गाव तेव्हाही मरत होतं?”

“प्रत्येक गाव मरतं हो. नीट मोजलंत तर रेघ चाळीस वर्षं जवळजवळ सपाट निघेल. थोडी चढेल, ती गाव म्हातारं झालंय म्हणून. आधी लोक तापानं जायचे, ट्रकखाली जायचे. त्यातून वाचले की पुढचा नंबर याचा.”

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला कोणी विचारलं नाही,” डॉक्टर म्हणाले. “आणि यंत्राचे हप्ते सुरू झालेत.”

मला वाटलं, आता विषय संपला. रोग पसरलेला नाही, पाणी चांगलं आहे, लोकांना तसं सांगून टाकावं आणि घरी जावं. मी खिशातल्या ताईच्या पत्राला हातही लावला. पण प्लॉटवाले उभे राहिले.

“सपाट रेघ घेऊन मी काय करू?” ते म्हणाले. “चढली तर सरकारकडून निधी मागता येतो. उतरली तर प्लॉट विकता येतो. सपाट रेघेवर काय, कपडे वाळत घालायचे?”

“आणि पहिली तीस वर्षं,” नगराध्यक्ष म्हणाले, “त्यातली अकरा माझ्या वडिलांची कारकीर्द होती. त्यांच्या पुतळ्याखाली ‘निरोगी गावाचे शिल्पकार’ असं कोरलंय. ते आता खोडायचं?”

कोणालाच खोडायचं नव्हतं. मोजण्याची पद्धत होती तशीच ठेवायचं ठरलं. बदलायची ती माणसं. ठराव झाला: एक, टेकडीवरील घरात यापुढे बाहेरच्या रुग्णांना प्रवेश देऊ नये. दोन, सध्याच्या रुग्णांना शेवटच्या अवस्थेत सन्मानपूर्वक हद्दीबाहेर, म्हणजे पुलापलीकडे, सन्मानपूर्वक हलवावे. दुकानाचा टेम्पो नगराध्यक्ष स्वतः देणार होते. त्यात गाद्या होत्याच.

“काका, तुम्हाला काही म्हणायचंय?” त्यांनी मला विचारलं.

मला खूप म्हणायचं होतं. माझी बहीण आहे, असं म्हणायचं होतं. तिनं मला चालायला शिकवलं, वाचायला शिकवलं, आणि आता ती फक्त एक खिडकी मागते आहे, असं म्हणायचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

“‘सन्मानपूर्वक’ दोनदा आलंय,” मी म्हणालो.

“बघा!” नगराध्यक्ष इतरांना म्हणाले. “म्हणून मला समितीत असा माणूस लागतो.”

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारले. माझ्या बायकोच्या बाबतीत हे वाईट लक्षण असतं.

“म्हणजे वन्संना ‘नाही’ लिहिणार?”

“ठरावच झालाय.”

“ठराव कधीपासून लागू?”

हे मात्र मला माहीत होतं. आमच्या गावात कुठलाही ठराव नगरपालिकेच्या पत्रकात छापून आल्याशिवाय लागू होत नाही, आणि पत्रकावर मुद्रितशोधकानं ‘छापावे’ अशी सही केल्याशिवाय ते यंत्रावर चढत नाही. हा नियम मी केलेला नाही. फार वर्षांपूर्वी, माझ्या आधीच्या माणसाच्या काळात, ‘टाकीचे पाणी पिण्यास योग्य नाही’ अशी सूचना छापताना ‘नाही’ राहून गेलं. आठवडाभर सगळं गाव जुलाबानं आडवं झालं, आणि आत्ताच्या डॉक्टरांच्या वडिलांनी दवाखान्यावर मजला चढवला. तेव्हापासून गावानं कायदा करून टाकला, की मुद्रितशोधकाच्या सर्व शंका फिटल्याशिवाय काहीही छापायचं नाही. नंतर त्या जागेवर त्यांनी मला नेमलं. त्यांना वाटलं असेल, माणूस मितभाषी आहे, काम लवकर हातावेगळं करेल.

“प्रूफ उद्या येईल,” मी म्हणालो.

“आणि सही करायला तुम्हाला किती दिवस लागतात?”

“शंका असतील तेवढे.”

“मग? या ठरावात तुम्हाला काहीच शंका नाहीत?” ती म्हणाली. “आपल्या लग्नपत्रिकेत सात काढल्या होत्यात.”

दुसऱ्या दिवशी छापखान्याचा फोरमन स्वतः प्रूफ घेऊन आला. छापखान्यात मला शंकाराव म्हणतात; तो तोंडावर म्हणतो, हा त्याचा चांगुलपणा. “शंकाराव, साहेबांना घाई आहे. एवढ्याशा ठरावाला काय लागतंय? चहा होईपर्यंत सही करून टाका.”

मी पेन्सिल हातात घेतली. ठराव वाचला. पुन्हा वाचला. चहा झाला, फोरमननं दुसरा मागितला, तोही झाला. आणि खरोखरच, त्या दोन कलमांत मला इतक्या शंका दिसायला लागल्या की समास पुरेना. मी काही लढायला उभा राहिलो होतो असं कोणी समजू नये. माझ्यात ते नाहीच. मला शंका होत्या, एवढंच.

पहिली शंका मी लिहिली: ‘बाहेरचा म्हणजे कोण? जन्मानं, राहण्यानं की मतदार यादीनं?’

यावर समितीची खास बैठक झाली. जन्मानं धरावं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा असं निघालं की नगराध्यक्षांचा जन्म पुलापलीकडचा. त्यांचे वडील दुकान घेऊन इकडे आले तेव्हा ते रांगत होते. मग राहण्यावरून धरावं, असं नगराध्यक्ष म्हणाले. तेव्हा निघालं की डॉक्टर संध्याकाळी दवाखाना बंद करून मुक्कामाला शहरात जातात. प्लॉटवाले तर दोन्ही बाजूंनी बाहेरचे. शिवाय ते चिडलेच. “माझं प्रत्येक गिऱ्हाईक बाहेरचं आहे! पत्रकात ‘बाहेरचा’ छापलंत तर पुलाजवळच्या जमिनीवर गवत कापत बसावं लागेल मला!” समितीत जन्मानं आणि राहण्यानं गावचा असा मी एकटाच निघालो. सगळे माझ्याकडे संशयानं बघू लागले.

दुसरी शंका: ‘शेवटची अवस्था आली हे कोण ठरवणार, आणि कागदावर सही कोणाची?’

“माझी नाही,” डॉक्टर म्हणाले. “मी सही करायची, तुम्ही माणूस पुलापलीकडे नेऊन ठेवायचा, आणि संध्याकाळी भूक लागली म्हणून तो चालत परत आला तर? माझ्या दवाखान्याची पाटी उतरेल.”

तिसरी शंका: ‘पुलावरच मृत्यू झाल्यास?’

या शंकेनं मात्र हद्द केली. नगराध्यक्ष स्वतः टेप घेऊन पूल मोजायला गेले. ते पलीकडच्या गावच्या अध्यक्षांच्या कानावर गेलं. त्यांच्याही गावात आरोग्यवृद्धी समिती होती. त्यांनी पुलाच्या त्यांच्या टोकाला एक पहारेकरी बसवला आणि त्याला सांगून ठेवलं, आडवं असलेलं कोणीही आत येता कामा नये. पहिल्याच दिवशी त्यानं एक सोफा परत पाठवला. तो नगराध्यक्षांच्या दुकानातून विकला गेला होता.

सोफा परत आला त्याच संध्याकाळी नगराध्यक्ष आमच्या घरी आले. बायकोनं त्यांना पाणी दिलं आणि दाराआड उभी राहिली. तिची सावली दिसत होती.

“काका,” ते म्हणाले, “तुम्ही वडीलधारे. तुमच्या शंका सगळ्या बरोबर. पण आता एक सही द्या.”

“अजून दोन राहिल्यात.”

“दोन नाही, दोनशे असतील! काका, मी दुसरा मुद्रितशोधक नेमू शकतो.”

“हो,” मी म्हणालो. “नेमता येतो.”

“नेमतोच!”

“पण त्याला ठराव लागेल.”

“मग करतो ठराव!”

“तो छापायला माझ्याकडे येईल,” मी म्हणालो.

मी हे टोमणा म्हणून बोललो नाही. नियम तसाच आहे, आणि त्यांना तो माहीत नसेल असं वाटून सांगितला. दाराआडची सावली हलली. नगराध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. दुकानात शेवटचं गिऱ्हाईक हात हलवत निघून गेल्यावर ते असेच बसतात.

“तुमचं कोणी आहे का हो टेकडीवर?” त्यांनी विचारलं.

इतक्या दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

“बहीण यायची आहे,” मी म्हणालो. “मोठी. बाहेरगावची आहे. म्हणजे लग्नानं. जन्म इथलाच, याच घरातला. तिला फार दिवस नाहीत. अजून तिला उत्तर दिलेलं नाही.”

“हे आधी सांगायचं नाही का? एका माणसाची सोय मी कशीही लावली असती. अपवाद म्हणून.”

हे ऐकून मला मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. एक सही केली की ताईची खाट पक्की झाली असती. बाकीच्यांचं काय व्हायचं ते पुलावर झालं असतं. मी पेन्सिल शोधली. ती कानावर होती.

“पत्ते खेळत होते ते न्यायाधीश,” मी विचारलं, “त्यांचाही अपवाद होईल का?”

“ते कुठले?”

“शहरातले.”

“सगळ्यांचे अपवाद केले तर ठराव कशाला हवा?”

“तीच माझी चौथी शंका आहे,” मी म्हणालो.

ते उठले. दारात जरा थांबले. “ती विणत बसलेली बाई... मला खाट विचारत होती ती. बरी आहे ना?”

उत्तर बायकोनं दाराआडून दिलं. “कालच गेल्या. झोपेत. मी गेले होते तिकडे.”

नगराध्यक्षांनी जोड्यात पाय घातला, काढला, पुन्हा घातला. “एक वाढली,” ते म्हणाले. पण नेहमीच्या बैठकीतल्या आवाजात म्हणाले नाहीत. मग जिना उतरून गेले.

बायको बाहेर आली. “सिस्टर म्हणाल्या, खिडकीची खाट रिकामी झालीय. सोमवारी गादी उन्हात टाकतील. वन्संना बोलवायचं असेल तर आता बोलवा. किती दिवस धरून ठेवतील?”

“पण ठराव...”

“ठराव तुमच्या टेबलावर आहे.”

“आणि कधी ना कधी सही करावी लागली तर?”

“अहो, तुम्हाला शेजारच्यांच्या बारशाला काय न्यायचं ते ठरवता आलं नाही, तो मुलगा आता नोकरीला लागला. सही करावी लागेल म्हणे!”

एका जन्माच्या संसारात तिनं माझ्या स्वभावाचं केलेलं हे पहिलंच कौतुक.

मी लिहायला बसलो. पहिल्या कागदावर मी ताईला सगळी परिस्थिती समजावून सांगितली: चढती रेघ, सपाट रेघ, शहरातल्या नोंदी, पूल, सोफा. चार पानं झाली आणि ‘हो’ कुठेच आलं नव्हतं. तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं की तू आलीस तर पुढच्या वर्षीच्या कोष्टकात आमच्या गावचा आकडा एकानं वाढेल, आणि ते कोष्टक तपासायला माझ्याकडेच येईल. हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. मग तोही कागद फाडला. तो आकडा मी बरोबर आहे म्हणून सोडून देणार होतो, आणि ते तिला सांगायची गरज नव्हती.

तिसऱ्या कागदावर लिहिलं:

‘ताई, हो. खाट खिडकीशी आहे. खालचा रस्ता आणि पूल दिसतो, तुला नकाशासारखं वाटेल. पत्ते खेळायला एक न्यायाधीश आहेत, ते हरतात. सोमवारनंतर केव्हाही ये. मी रोज येऊन वाचीन. – किडा.’

पुन्हा वाचलं. ‘केव्हाही’ऐवजी ‘लगेच’ हवं होतं. मी पेन्सिल उचलली, तसं बायकोनं कागद ओढून घेतला, घडी घातली आणि पाकिटात कोंबला. “शंका पुरे,” ती म्हणाली. “चला, मी येते पेटीपर्यंत. एकटे गेलात तर वाटेत परत वाचाल.”

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी फौजदार उभे होते. त्यांनी विचारलं, “काय शंकाराव, समितीचा निकाल कधी?” मी म्हणालो, “बघतो.” या वेळी त्या शब्दाची लाज वाटली नाही. मग मी पाकीट पेटीच्या तोंडात धरलं, बायकोनं माझं कोपर मागून हळूच ढकललं, आणि पत्र आत पडलं.